राखणीचें कुत्रें आणि त्याची भाकरी

शेतकऱ्याच्या दारांत जितकीं जनावरें असतात, त्या बहुतेकांच्या खाण्याचा हिशेब त्याच्या डोक्यांत पक्का असतो. बैलाला कडबा किती, दुभत्या म्हशीला सरकी व पेंड किती, वासराला दूध कोठपर्यंत ठेवावें, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु त्याच दारांत रात्रभर जागणारें जें कुत्रें, त्याच्या खाण्याविषयीं विचारलें, तर "त्यास काय, भाकरी टाकतों कीं!" येवढेंच उत्तर मिळतें. महसूल खात्याच्या चाकरींत पुष्कळ वर्षें गांवोगांव हिंडतांना प्रस्तुत लेखकानें हें उत्तर अनेकदां ऐकलें आहे. ज्या घरचे बैल पोळ्याच्या दिवशीं नजर लागण्यासारखे दिसत, त्याच घरच्या कुत्र्याच्या बरगड्या मोजतां येत आणि त्याचीं पिलें पुढच्या पायांत वांकलेलीं असत, असेंही पाहण्यांत आलें आहे.

हल्लीं याच्या अगदीं उलट असें दुसरें मत शहरांतून खेड्यांकडे येऊं लागलें आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, सबब मांस हेंच त्याचें अन्न. धान्य त्याला पचत नाहीं, त्यानें अंगास खाज सुटते व केस गळतात, असें हें मत सांगतें. 'धान्यविरहित' असा शिक्का मारलेल्या खाद्याच्या महाग पिशव्या या मताच्या जोरावर विकल्या जातात. पहिल्या समजुतीनें कुत्र्याचे हाल होतात, दुसरीनें धन्याचा खिसा रिकामा होतो. खरी गोष्ट अशी कीं, धान्य हें कुत्र्याचें चांगलें अन्न आहे. परंतु नुसतें धान्य हें त्याचें पुरें अन्न नाहीं. धान्य कसें शिजवावें, त्यांत काय उणें असतें व तें घरच्या घरीं कशानें भरून काढावें, येवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

धान्य कुत्र्यास पचतें काय?

लांडगा व कुत्रा हे एका मुळाचे, हें खरें. पण मनुष्याच्या वस्तीशीं कुत्र्याचा संबंध जडून हजारों वर्षें लोटलीं, आणि तेवढ्या काळांत त्याचें पोट लांडग्याचें राहिलेलें नाहीं. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं १२ लांडगे व १४ जातींचीं ६० कुत्रीं यांच्या जनुकांची तुलना करून आपलें संशोधन २०१३ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. धान्यांतील पिष्ट फोडून त्याची साखर करणारा अमायलेज नांवाचा एक पाचक रस असतो. तो तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोनच आढळल्या. कुत्र्यांत मात्र त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. बर्फाच्या प्रदेशांत गाड्या ओढणारीं हस्की कुत्रीं व ऑस्ट्रेलियांतील डिंगो यांच्यांत या प्रती कमी असल्याचें पुढील संशोधनांत दिसून आलें. कारण त्या लोकांत शेती पूर्वापार नव्हती. म्हणजे मनुष्यानें जेथें नांगर धरला, तेथें कुत्र्याचें पोटही शेतकऱ्याचें झालें.

मात्र येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. मनुष्याच्या लाळेंत हा पाचक रस असतो व घांस चावतांनाच पिष्ट पचूं लागतें. कुत्र्याच्या लाळेंत तो जवळजवळ नसतो. शिवाय कुत्रें चावत बसत नाहीं, घांस तोडतें आणि गिळतें. त्याचें पिष्ट पचावयाचें तें पुढें लहान आंतड्यांत, स्वादुपिंडाच्या रसानें. म्हणून चावण्याचें जें काम आपले दांत करतात, तें कुत्र्यासाठीं जात्यानें व चुलीनें आधींच करून ठेवावें लागतें. अख्खा किंवा अर्धाकच्चा दाणा पोटांत गेला तर तो जसाच्या तसा शेणांतून बाहेर पडतो. आणि धनी म्हणतो, धान्य कुत्र्याला पचत नाहीं!

धान्यविरहित खाद्याविषयीं आणखी एक गोष्ट वाचकांस ठाऊक असावी. कुत्र्यांच्या हृदयाचे स्नायू पातळ पडून हृदय फुगण्याचा एक रोग आहे. कांहीं खाद्यें खाणाऱ्या कुत्र्यांत हा रोग आढळल्याच्या तक्रारी आल्यावरून अमेरिकेच्या सरकारी अन्न व औषध खात्यानें जुलै २०१८ मध्यें चौकशी सुरू केल्याचें जाहीर केलें. त्यांतील पुष्कळ खाद्यें धान्यविरहित होतीं, व त्यांत धान्याच्या जागीं वाटाणा, मसूर व बटाटा यांचा भरणा होता. नक्की कारण त्या चौकशींत सिद्ध झालेलें नाहीं, म्हणून कोणासही दोष लावणें बरोबर नव्हे. तरी धान्य काढून टाकल्यानें अन्न आपोआप चांगलें होतें, या समजुतीला आधार नाहीं, येवढें तरी यावरून खास ठरतें. खाजेचें म्हणाल, तर कांहीं कुत्र्यांना गहूं सोसत नाहीं हें खरें. परंतु अन्नामुळें अंगावर उठण्याचे जे प्रकार नोंदले गेले आहेत, त्यांत गोमांस, दूध व कोंबडीचें मांस यांचा क्रम गव्हाच्या आधीं लागतो.

कोणतें धान्य व कसें शिजवावें

ज्याच्या शेतांत जें पिकतें तेंच त्याच्या कुत्र्यास घालावें. त्यासाठीं परके दाणे विकत आणण्याचें कारण नाहीं. देशावरच्या कुत्र्यानें ज्वारी-बाजरी, कोंकणांतल्यानें तांदूळ-नाचणी खावी, हें योग्यच आहे.

ज्वारीची भाकरी ताजी, नीट भाजलेली व कुसकरलेली असावी. ती कोमट पाण्यांत, ताकांत अथवा मीठ-मसाला न घातलेल्या मांसाच्या पाण्यांत पाव तास भिजूं द्यावी. कालची वाळून खडखडीत झालेली भाकरी तशीच फेकली, तर तिचे मोठे तुकडे गिळले जातात व कित्येकदां उलटून पडतात. भाकरीपेक्षांही भरड चांगली. ज्वारीची किंवा बाजरीची भरड एक वाटी असेल तर चार-पांच वाट्या पाणी घालून मंद आंचेवर अर्धा तास शिजवावी. दाणा पाणी पिऊन फुगतो, पिष्ट मोकळें होतें व तें चांगलें पचतें. बाजरीचें पीठ तिच्यांतील तेलामुळें लवकर कडू पडतें. तें थोडें थोडें दळून आणावें. तांदळाच्या कण्या मऊ शिजविल्या असतां पचनास फार हलक्या. पोट बिघडलेल्या कुत्र्यास एक-दोन दिवस त्याच द्याव्या. परंतु बारा महिने नुसत्या भातावर कुत्रें ठेवूं नये. मका भरडून वरीलप्रमाणें शिजवावा. गव्हाची पोळी चालते. मात्र ती लाटून भाजलेली असावी. मळलेली कच्ची कणीक वा आंबवलेलें पीठ कुत्र्याच्या तोंडीं लागूं देऊं नये, कारण तें पोटांत फुगतें.

भाकरींत उणें काय?

आतां मुख्य मुद्दा. पंधरा किलो वजनाच्या, म्हणजे साधारण गांवठी बांध्याच्या, वाढ पुरी झालेल्या कुत्र्यास दिवसाकाठीं सुमारें ८५० उष्मांक लागतात. काम, थंडी व स्वभाव यांप्रमाणें हा आंकडा कमी-जास्त होतो. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठांतून सुमारें ३४० उष्मांक मिळतात, म्हणजे अडीचशें ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या दिल्या कीं पोट भरलें. पण पोट भरलें म्हणजे शरीर पोसलें असें नव्हे. चार गोष्टी बाकी राहतात.

पहिली गोष्ट चुना, म्हणजे कॅल्शियम. अशा कुत्र्यास रोज सुमारें १००० मिलिग्रॅम चुना लागतो. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या १०० ग्रॅममध्यें तो २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. तांदळांत त्याहूनही कमी. अडीचशें ग्रॅम ज्वारी खाऊन त्याच्या वांट्यास ७५ मिलिग्रॅमही येत नाहींत. नाचणी येथें सर्वांत श्रीमंत. तिच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तरी तिच्यानेंही सगळी तूट भरत नाहीं. याच्या जोडीला आणखी एक अडचण आहे. ज्वारींत स्फुरद चुन्याच्या सुमारें दसपट असतें. रक्तांत या दोहोंचा मेळ ठेवण्यासाठीं शरीर स्वतःच्या हाडांतून चुना काढूं लागतें. वाढत्या पिलांचीं हाडें त्यामुळें मऊ पडतात, पाय वांकतात, आणि थोड्याशा उडीनेंही हाड मोडतें. लोक याला जातीचा दोष समजतात. पुष्कळदां तो शिध्याचा दोष असतो. नुसतें मांस घातलें तरी हेंच होतें, कारण मांसांतही चुना अगदीं थोडा असतो.

दुसरी गोष्ट प्रथिनें. ज्वारींत तीं शेंकडा दहाच्या आसपास असतात. पण त्यांत लायसीन नांवाचा आवश्यक घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर आहे. आपण वरण-भात वा भाकरी-पिठलें एकत्र खातों, त्यांतलें शहाणपण कुत्र्यासही लागू पडतें. परंतु अंडें, मासळी किंवा मांस यांची प्रथिनें त्याच्या कामीं अधिक येतात, म्हणून त्यांपैकीं कांहीं तरी रोज असावें.

तिसरी गोष्ट स्निग्धांश. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागें नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण कीर्तनांत ऐकतों व तिच्यांतला भक्तिभाव घेतों. पण आहाराच्या दृष्टीनेंही कोरड्या भाकरींत काय उणें आहे तें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कांहीं स्निग्ध पदार्थ कुत्र्याच्या शरीरास स्वतः बनवितां येत नाहींत. करडई व सूर्यफूल यांच्या तेलांत ते आहेत. ते न मिळाल्यास केस रुक्ष व निस्तेज होतात.

चौथी गोष्ट जीवनसत्त्वें व क्षार. मनुष्याच्या कातडींत उन्हानें 'ड' जीवनसत्त्व तयार होतें. कुत्र्याच्या कातडींत तें पुरेसें होत नाहीं. दिवसभर उन्हांत लोळणाऱ्या कुत्र्यासही तें अन्नांतूनच मिळावें लागतें. अंड्याचा पिवळा बलक, मासळी व यकृत यांत तें असतें. धान्याच्या कोंड्यांतील कांहीं द्रव्यें जस्त धरून ठेवतात. त्यामुळें धान्यावरच वाढलेल्या पिलांच्या तोंडाभोवतीं व डोळ्यांभोवतीं कातडी जाड होऊन खपल्या धरतात. पुष्कळ लोक याला खरूज समजून तेल चोपडतात. खरूज आहे कीं उपासमार, हें गुरांच्या डॉक्टरांस दाखवून ठरवावें.

एका दिवसाचा शिधा

वरील हिशेबानें पंधरा किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्याचा रोजचा शिधा पुढीलप्रमाणें धरतां येईल. ज्वारी, बाजरी वा नाचणीचें पीठ किंवा भरड १२० ग्रॅम, म्हणजे मध्यम दोन भाकऱ्यांचें. मुगाची अथवा तुरीची डाळ ३० ग्रॅम, मऊ शिजवून. अंडीं दोन ते तीन, उकडून. अथवा त्यांच्याऐवजीं बिनहाडाचें शिजवलेलें मांस वा मासळी १५० ग्रॅम. दही एक लहान वाटी. मोठ्या कुत्र्यांना दूध पुष्कळदां सोसत नाहीं, दही-ताक सोसतें. करडईचें किंवा सूर्यफुलाचें तेल चहाचे दोन चमचे. मूठभर शिजवलेला भोपळा, गाजर किंवा पालेभाजी. शेवटीं अंड्याच्या टरफलाची पूड चहाचा अर्धा चमचा. टरफलें धुवून, उकळून, वाळवावीं व मैद्यासारखीं बारीक कुटावीं. येवढ्या पुडींत सुमारें १००० मिलिग्रॅम चुना येतो. पानाला लावावयाचा चुना मात्र घालूं नये. तो दाहक असतो.

हा शिधा सकाळ-संध्याकाळ असा दोन वेळां विभागून द्यावा व जवळ स्वच्छ पाणी ठेवावें. बरगड्या हातास लागाव्या परंतु डोळ्यांस ठळक दिसूं नयेत, अशी अंगलट ठेवावी. त्याप्रमाणें पीठ वाढवावें किंवा कमी करावें. पोटांत जंत असतील तर उत्तम शिधाही वाया जातो, म्हणून जंताचें औषध वेळच्या वेळीं द्यावें.

ज्या घरांत मांस-मासळी येत नाहीं, तेथें अंडें तरी कुत्र्यापुरतें निराळें शिजवावें. तेंही नको असेल, तर डाळ व दही यांचें प्रमाण वाढवून गुरांच्या डॉक्टरांकडून क्षार व जीवनसत्त्वें यांचें कुत्र्यांसाठीं केलेलें मिश्रण घ्यावें. गुरांचें क्षारमिश्रण अंदाजानें घालूं नये.

घरच्या शिध्याची एक मर्यादा सांगणें जरूर आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांसाठीं घरीं करावयाच्या २०० पाककृती तपासून २०१३ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांतील शेंकडा ९५ कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक अपुरा आढळला. आम्हीं वर दिलेल्या शिध्यानें मोठ्या उणिवा भरून निघतात. जस्त, तांबें, आयोडीन यांसारख्या बारीक बाबी पुऱ्या होतातच असें नाहीं. म्हणून तो डॉक्टरांस दाखवून आपल्या कुत्र्यापुरता पक्का करून घ्यावा. पिलें व गाभण किंवा पाजणारी कुत्री यांना तर हा शिधा मुळींच पुरा नाहीं. पिलांना वजनाच्या मानानें पुष्कळ अधिक अन्न, तेंही दिवसांतून तीन-चार वेळां लागतें. त्यांना चुना कमी पडला तर जसें वाईट, तसा थोराड जातींत तो अधिक झाला तरीही हाडें बिघडतात. तेथें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून चालणारच नाहीं.

बुरसलेलें धान्य: सर्वांत मोठा घात

कणगींत पाणी शिरलें, दाणा काळा पडला, वास येऊं लागला, कीं "टाका कुत्र्याला" असें सहज म्हटलें जातें. यासारखी घातक चाल दुसरी नाहीं. ओलसर मका, भुईमूग व इतर दाणे यांवर वाढणाऱ्या एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. तें यकृताचा नाश करतें, आणि कुत्र्याची जात या विषास फार नाजूक आहे. भाजून वा शिजवून तें जात नाहीं. अमेरिकेंत २०२० च्या डिसेंबरांत मक्यांतून आलेल्या या विषामुळें कुत्र्यांचें तयार खाद्य बाजारांतून परत बोलवावें लागलें. पुढच्याच महिन्यांत ७० हून अधिक कुत्रीं दगावल्याची नोंद तेथील सरकारी खात्याकडे झाली होती. एवढी तपासणी असणाऱ्या देशांत हें घडतें, तर आपल्या उकिरड्यावर काय घडत असेल! कुत्र्यानें अन्न टाकलें, तें ओकूं लागलें, त्याचे डोळे व हिरड्या पिवळ्या दिसूं लागल्या, तर एक दिवसही न दवडतां डॉक्टर गांठावा.

अरगट लागलेली बाजरी माणसास जशी वर्ज्य, तशीच कुत्र्यास वर्ज्य. पेरणीनंतर उरलेलें, औषध चोळलेलें बियाणें व साठवणीच्या कोठारांत ठेवावयाच्या विषारी गोळ्या कुत्र्यांपासून दूर ठेवाव्या.

उरलेल्या कालवणाविषयींही सांगावयास हवें. आमटी-रश्शांत कुसकरलेली भाकरी कुत्रें आवडीनें खातें. पण त्यांतील कांदा व लसूण यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. परिणाम लगेच दिसत नाहीं, म्हणून कोणी कांद्यास दोष देत नाहीं. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. नाशिक-सांगलीकडील बागाइतदारांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. शिजवलेलीं हाडें कोंबडीचीं असोत वा बोकडाचीं, देऊं नयेत. तीं अणकुचीदार फुटून आंतडें फाडतात. चॉकलेटही विषच.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, माणसांच्या मुलांना रोज अंडें मिळत नाहीं, तेथें कुत्र्याला कोठून द्यावयाचें? प्रश्न रास्त आहे, आणि ज्याला परवडत नाहीं त्यानें निदान डाळ, तेल, ताक व टरफलाची पूड येवढीं तरी भाकरीस जोडावीं. टरफलें शेजाऱ्याच्या घरूनही मिळतील. परंतु ज्यांना परवडतें, अशा खातेदारांच्या दारांतही कुत्रें अर्धपोटीं असतें, त्याचें कारण गरिबी नसून हिशेब न ठेवणें हें आहे. आपल्या धर्मांत वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्याचा वांटा काढून ठेवण्याची रीत होती. खंडोबाच्या व दत्ताच्या पायांशीं कुत्रें आपण पाहतों. जो वांटा काढावयाचाच आहे तो नीट शिजवून, पुरता मोजून व बुरशी तपासून काढावा, येवढेंच मागणें आहे. बैलाच्या वैरणीची जशी आठवण ठेवतों, तशी पुढील सुगीस कणग्या भरतांना या एका राखणदाराच्या दाण्यांचीही ठेवावी. शे-सव्वाशें ग्रॅमच्या हिशेबानें वर्षाला अर्ध्या क्विंटलाहून तो अधिक मागत नाहीं.